खंडेनवमीचा पेनड्राइव्ह

माधवनगर, सांगली
१२ मे

प्रिय ओवी,

'प्रिय' लिहिलंय, कारण पत्राला काहीतरी सुरुवात लागते आणि दुसरे जे शब्द सुचले ते पद्माकाकूंच्या पिशवीतून पाठवण्यासारखे नव्हते. हो, हे पाकीट तुझ्या आईच्याच हाती देणार आहे. आत्ता त्या माझ्या खोलीवर पंख्याखाली आडव्या झाल्यात. सकाळी वाईहून निघाल्या, साताऱ्यात गाडी बदलली, सांगलीच्या स्टँडवर रिक्षावाल्याशी भांडल्या आणि भर उन्हात माधवनगरला आल्या. दुकानाच्या पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "आधी पाणी दे गं शिवा, मग काय शिव्या घालायच्यात त्या घाल." त्यांना मी काय शिव्या घालणार? दिवाळीच्या सुट्टीत घरी न जाता तुमच्याकडे राहायचे, तेव्हा माझ्या ताटातलं तूप कधी कमी पडू दिलं नाही त्यांनी. पण तुला सांगते, वैशाखाच्या उन्हात या बाईला एस.टी.त बसवून तू स्वतः तिकडे पंख्याखाली बसलीस, हे कळलं आणि त्याच क्षणी मी ठरवलं की तुला हवी ती वस्तू तुला द्यायची. अगदी नीट, पाकिटात घालून द्यायची.

तुझी मागणी मला त्यांच्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळली. त्या शिक्षणसंस्थेच्या शाळांमधले जुने कॉम्प्युटर, ज्यांच्यावरच्या विंडोजचे अपडेट आता बंद झालेत आणि नवी विंडोज ज्यांना पेलत नाही, ते सगळे तू लिनक्सवर आणून देणार आहेस. साताऱ्यातल्या कार्यक्रमात माइक हातात घेऊन तसा शब्दही दिलास. शाळा उघडायच्या आत सगळ्या लॅब चालू! मग पेपरात फोटो, 'पेनड्राइव्हवाली ताई'. काकूंनी ते कात्रण मला दाखवायला आणलंय, बिचाऱ्यांनी मेतकुटाच्या डब्याखाली घडी करून ठेवलं होतं. आणि आता मे अर्धा सरत आला तरी तुझा पेनड्राइव्ह नव्या मशीनवर उघडत नाही, जुन्यांवर उघडतो पण इन्स्टॉलेशन मध्येच मान टाकतं. कोयनानगरच्या शाळेत म्हणे मुख्याध्यापक तुझ्या मागे हात बांधून उभे होते आणि तू मेनूतली तीच ओळ पुन्हा पुन्हा निवडत होतीस. काकू म्हणाल्या, "धड जेवत नाही, झोपत नाही. संस्थेनं काम काढून घेतलं तर कॉम्प्युटर क्लासला कुलूप लावावं लागेल म्हणते. तुमच्यात काय बिनसलंय ते मला नको सांगूस. पण तुझा तो नवा पेनड्राइव्ह आहे ना, तसला एक तिला करून दे." म्हणजे माझ्याकडे नवा आहे ही बातमी तुझ्यापर्यंत आलेली आहे. माझ्यावर लक्ष ठेवून असतेस तर.

मी हसले गं ओवी. काकूंच्या समोर नाही, आत जाऊन चहा टाकताना हसले आणि त्या नादात साखर दोनदा पडली. तीन दसरे मी या बातमीची वाट बघत होते. येणार हे मला ठाऊक होतं. कारण असला पेनड्राइव्ह म्हणजे लोणच्याची बरणी नव्हे, की एकदा भरली आणि वर्षभर काढून खाल्लं. त्यातली प्रत्येक सिस्टीम म्हातारी होत असते. तिची मुदत संपली की इंटरनेटवरचं तिचं सामान तिथून हलवतात, मग इन्स्टॉलेशन अर्ध्यात येऊन सामान शोधत बसतं आणि बंद पडतं. मशीन चालू होताना जो पहिला छोटा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून उठतो, त्याच्यावर एक सही असते. त्या प्रोग्राममध्ये कुठे भोक सापडलं की नवी मशीन ती जुनी सही नाकारतात आणि पेनड्राइव्हला दारातूनच परत पाठवतात. म्हणून दर महिन्याला बसून तो प्रोग्राम बदलायचा, नव्या फाइली उतरवायच्या, त्या वाटेत बिघडल्या नाहीत ना हे तपासायचं, जुन्या काढायच्या आणि मग भंगारातली चार मशीन लावून प्रत्येक ओळ चालवून बघायची. मी ते करत बसले की तू काउंटरवरून म्हणायचीस, चालतंय ना, मग कशाला खाजवतेस? आता चालत नाही. खाजव.

तुला आठवतं का बघ, डिप्लोमा झाल्यावर विष्णुपंतांनी रस्त्याकडची खोली आपल्याला दुकानासाठी दिली होती. गिरणी बंद पडून गिरणीतली नोकरी गेली तरी त्या माणसानं घरमालकाचा तोरा कधी दाखवला नाही. त्या खोलीत आधी कामगारांची खानावळ होती, भिंतींना फोडणीचा वास होता आणि पहिलं वर्षभर आपली गिऱ्हाइकं मशीन घेऊन आली की म्हणायची, काहीतरी छान शिजतंय. तेव्हा आपल्याकडे पेनड्राइव्हची थैली होती. एकावर ही विंडोज, दुसऱ्यावर ती, तिसऱ्यावर लिनक्स, प्रत्येकाला पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर तुझं सुंदर अक्षर. मिरजेच्या त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात थैली उपडी केली आणि हवा तोच नेमका नव्हता. पेशंट बाकावर, डॉक्टर दारात, आणि तू हसतमुखानं त्यांना त्यांच्याच प्रिंटरचं कौतुक ऐकवत होतीस. बोलण्यात तुझा हात धरणारं माणूस अजून जन्माला यायचंय, हे मी आजही कबूल करते. परत येताना मी ठरवलं की यापुढे एकच पेनड्राइव्ह, आणि सगळं त्यातच.

पहिला घेतला तो खोटा निघाला. आकडा मोठा दाखवायचा, पण भरत गेलं की मागचं पुसून पुढचं लिहायचा. दुसरा बरा मिळाला, निळ्या झाकणाचा. त्यावर आधी बूट प्रोग्राम चढवायचा, तो पेनड्राइव्हच्या एका छोट्या लपलेल्या भागात जाऊन बसतो. मग उरलेल्या जागेत इन्स्टॉलेशनच्या अख्ख्या फाइली नुसत्या ठेवायच्या. मशीन चालू केलं की मेनू येतो, हवी ती ओळ निवडायची. इथपर्यंत कोणालाही जमतं. माझी हाडं झिजली ती त्यापुढे. लॅबसाठी मी उत्तरांची फाइल केली. भाषा कुठली, मराठी कीबोर्ड कुठला, पासवर्ड काय, प्रिंटर कुठला, ही सगळी उत्तरं आधीच लिहून ठेवली की मशीन काही विचारत नाही. ती ओळ निवडायची आणि चहाला जायचं. परत येईपर्यंत जुनी डिस्क पुसून त्यावर नवी सिस्टीम उभी. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांत कुठले प्रिंटर आहेत, कुठली जुनी मशीन कुठल्या ओळीवर अडतात, हे एकेका गावाला जाऊन, पडून झडून शिकलेलं त्यात होतं. आणि सगळ्यात खाली, सगळे उपाय हरले की वापरायची हत्यारं एका ओळीत ठेवली होती. त्या ओळीला मी इंग्रजी अक्षरांत नाव दिलं, बिरोबा. तू म्हणालीस, हे काय गं धनगरी नाव? मी म्हटलं, आमच्याकडे मेंढरावर काही आलं की आरेवाडीच्या बिरोबालाच जातात. तू पोट धरून हसलीस. हसण्यात वाकडं काही नव्हतं, तेव्हा तरी मला तसं वाटलं नाही.

कोयनानगरचं काम तर तू विसरणं शक्य नाही. घाटात तुला दोनदा उलटी झाली आणि शाळेत पोचल्यावर तू लिंबू चोखत खुर्चीत बसून राहिलीस. मी ओळीनं मशीन लावली. एकाच्या डिस्कवर सिस्टीम लिहिणं चालू असताना जमीन हलली. खिडक्यांची तावदानं वाजली, फळ्यावरचा डस्टर खाली पडला. तिथले शिपाईमामा बशीत चहा ओतत होते, ते हललेसुद्धा नाहीत. म्हणाले, "बसा वो म्याडम, हितं हे चालायचंच. मोटा आसता तर बशी सांडली आसती." आणि तू? तू चालत्या मशीनमधून पेनड्राइव्ह उपसलास आणि थेट मैदानात. मी यूपीएस धरून आत, तू पेनड्राइव्ह धरून बाहेर. लिहिणं अर्ध्यात तुटलं, त्या मशीनची डिस्क अर्धवट पुसलेली आणि पेनड्राइव्हवरच्या फाइलींचाही चुथडा झाला. तू छातीशी धरून म्हणालीस, मी जीव धोक्यात घालून आपला पेनड्राइव्ह वाचवला! शिपाईमामांनी हसून चहा सांडला, भूकंपानं सांडला नव्हता तो. मी तिथेच बसून सगळं पुन्हा उभं केलं आणि तुझ्यावर रागवायचं राहूनच गेलं.

आता खंडेनवमीबद्दल. तू यावर कधी एक अवाक्षर काढलं नाहीस, म्हणून मीच काढते. हत्यारं पुजायची हौस तुझीच दांडगी. स्क्रूड्रायव्हरचा सेट, सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, ब्लोअर, सगळं पुसून तू पाटावर मांडलंस, झेंडूची माळ घातलीस आणि मध्यभागी निळ्या झाकणाचा पेनड्राइव्ह. तू म्हणालीस, खरी लक्ष्मी ही. आपला नियम होता, एकदा पाटावर मांडलं की दसऱ्याला सीमोल्लंघन होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. हा नियम मी घरून आणलेला, आबा कुऱ्हाडीला आणि कातरीला त्या दिवशी शिवत नाहीत. गिऱ्हाईक आलं तरी मी परत पाठवलं असतं, हे तुला माहीत होतं. मी प्रसादाची वाटी घेऊन विष्णुपंतांकडे गेले, तेवढ्यात तू तो उचललास आणि तसाच निळ्या झाकणाचा कोरा तिथे ठेवलास. ठेवलास तो ठेवलास, वर त्याला हळदकुंकू लावलंस, मी लावते तसंच अंगठ्यानं. मी परत आले तेव्हा तू डोळे मिटून आरती म्हणत होतीस. गळा गोड आहे तुझा. त्याच संध्याकाळी तू दसऱ्याला म्हणून वाईला गेलीस.

आणि मी काय केलं ते ऐक. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह लावला, काही नाही. झाकण काढलं तर खाचेत कुंकू. मला वाटलं, माझ्याच अंगठ्यानं जास्त दाबलं गेलं, कुंकू आत गेलं आणि सगळं जळालं. खोडरबरानं पट्ट्या घासल्या, स्पिरिटनं पुसल्या, ब्रश मारला, हेअर ड्रायर लावला. कोऱ्या पेनड्राइव्हची मी सेवा करत होते! मूळ फाइलींची हार्डडिस्क त्याच उन्हाळ्यात गेलेली, दुसरी प्रत करू करू म्हणत राहिलेलो. जगाला बॅकअपचं ज्ञान पाजळणाऱ्या आपण, दिव्याखाली अंधार. मग मी तुला फोन केला. ओवी, मी फोनवर रडले. म्हटलं, माझ्या हातून आपलं सगळं गेलं गं, मला माफ कर. आणि तू म्हणालीस, "जाऊ दे शिवा, मनाला लावून घेऊ नकोस, देवाचं कुंकू आहे, चांगल्यासाठीच असेल." चोरीचं मी कधीतरी विसरले असते. तू माझ्याकडून माफी मागून घेतलीस आणि वर मोठ्या मनानं मला माफही केलंस, हे मात्र मी मेल्यावरच विसरेन. आठवडाभरानं सामान न्यायला आलीस, तुझ्या मामांनी साताऱ्यात जागा दिली म्हणालीस आणि निघताना माझ्या गळ्यात पडून तूही रडलीस. मी तुला बसमध्ये खायला भडंग बांधून दिला. त्या भडंगाचा मला अजून राग येतो.

कळलं ते संक्रांतीच्या सुमाराला. तुझ्या क्लासच्या उद्घाटनाचा व्हिडिओ कोणीतरी पाठवला. तू पडद्यावर 'स्वतः विकसित केलेला' मेनू दाखवत होतीस. मागचं चित्र बदललं होतंस, वर तुझं नाव घातलं होतंस, ओळींची नावंही बरीचशी बदलली होतीस. सगळ्यात खालची ओळ तशीच होती, बिरोबा. समोरच्या कोणीतरी विचारलं, हे काय आहे मॅडम? तू क्षणभरही न अडखळता म्हणालीस, ते एका तांत्रिक संज्ञेचं संक्षिप्त रूप आहे. मी तो व्हिडिओ इतक्यांदा बघितला की विष्णुपंतांना वाटलं मी कीर्तन ऐकतेय. नंतर दुकानातल्या कपाटाच्या मागे एक जुना पेनड्राइव्ह सापडला, त्यावर आपल्या सगळ्या फाइली नुसत्या ओढून टाकलेल्या. तेव्हा उलगडलं. तुला आधी प्रतच करायची होती. पण फाइली ओढल्या म्हणजे झालं असं वाटलं तुला, तो लपलेला भाग आलाच नाही, म्हणून त्यावरून मशीन उठेना. कसं करायचं ते मला विचारता येईना, म्हणून मग अख्खाच उचललास. शेजारी बसून एवढी वर्षं काढलीस आणि पेनड्राइव्ह तयार कसा करतात ही पहिली पायरी तुला माहीत नव्हती.

आबांना सांगितलं तेव्हा ते द्राक्षाच्या बागेत होते. म्हैसाळ योजनेचं पाणी आल्यापासून आमच्या कवठ्याकडे सगळं बदललंय, आबांनी मेंढरं निम्मी केली आणि बाग धरली, पण बोलणं तेच. म्हणाले, "शिकलीस लय, पर मानूस वळखाय न्हाई शिकलीस. आता रडून काय व्हतंय? डोक्यातलं तर न्हेलं न्हाई न्हवं तिनं?" विष्णुपंत म्हणाले, पोलिसांत जा. पोलिसांना काय सांगू, इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या फाइली चोरीला गेल्या? मला तुझ्या व्हिडिओखाली चार ओळी लिहिता आल्या असत्या. संस्थेला फोन करता आला असता. काहीच केलं नाही, आणि मी मोठ्या मनाची म्हणून नाही, तसलं मन माझ्याकडे नाही. मला घाई नव्हती एवढंच. मी पहिल्यापासून पुन्हा बांधायला घेतलं आणि दर महिन्याला एखादी नवी फाइल टाकली की मनात म्हणायचे, ओवीची अजून एक म्हातारी झाली. सही बदलली की म्हणायचे, ओवीचं अजून एक दार बंद झालं. माणसं वैऱ्याच्या नावानं बाहुल्यांना सुया टोचतात म्हणे, मी अपडेट करत होते. त्यातून पेनड्राइव्ह झाला मात्र झकास. आता सांगली, मिरज, विट्यापर्यंतचे दुरुस्तीवाले माझ्याकडे येऊन आपापले नवे करून घेतात, आणि प्रत्येकाला मी शेजारी बसवून त्याच्याच हातानं करायला लावते.

तुझा याच पाकिटात आहे, काळ्या झाकणाचा. वापरताना एवढं बघ. नव्या लॅपटॉपवर पहिल्यांदा लावलास की निळा पडदा येईल, तो ओळख पटवून मागतो, ती एकदाच द्यायची. वरच्या ओळी लॅबसाठी आहेत, त्या काहीही न विचारता डिस्क पुसतात. मधल्या ओळी विचारून विचारून करतात. प्रत्येक शाळेच्या ऑफिसात एक मशीन असतं, त्यावर दाखल्यांची नोंद असते, निकाल असतात, पोरांची सगळी कुंडली असते, आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नसते हे तुलाही ठाऊक आहे. कोयनानगरलाही तसंच आहे. तिथे फक्त मधली ओळ वापर, डिस्कला धक्का न लावता जुन्याच्या शेजारी नवं बसवते ती. मेनूच्या वर तुझं नाव मी स्वतः घातलंय, ठळक अक्षरांत. संस्थेला दिलेला शब्द पाळायला यातलं सगळं पुरेसं आहे. काका गेल्यावर पद्माकाकूंना तुझ्याशिवाय कोण आहे, तुझा क्लास चालायला हवा.

आणि आता हे ऐक. या पेनड्राइव्हमध्ये मी काहीही वेडंवाकडं केलेलं नाही. एकही फाइल बदललेली नाही, मधली ओळ मधल्या ओळीचंच काम करते, शाळेच्या पोरांच्या नोंदींवर मी माझा राग काढणार नाही. हे सगळं खरं आहे, आणि तू त्यावर विश्वास ठेवू शकणार नाहीस. तू एका मशीनवर चालवून बघशील, चालेल. सगळ्या लॅबमध्ये चालवशील, चालेल. तरी कोयनानगरच्या ऑफिसात, मुख्याध्यापक मागे उभे असताना, त्या मशीनला हा लावायची वेळ आली की तू विचार करशील, शिवाच्या जागी मी असते तर यात काय घातलं असतं? त्याचं उत्तर तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? फाइली अस्सल आहेत का हे तपासायची रीत सोपी आहे, त्यांच्या मूळ जागेवर ती लिहिलेली असते, पण ती तू कधी शिकली नाहीस आणि आता कोणाला विचारलंस तर पेनड्राइव्हवाल्या ताईला एवढंही येत नाही हे साताऱ्यात सगळ्यांना कळेल. अगदी पहिल्यापासून स्वतः बांधायचा म्हटलास तर सगळं फुकट मिळतं, कोणी अडवलेलं नाही. शाळा उघडायला अजून थोडे दिवस आहेत. काकू उठल्या, चहा मागताहेत, उद्या सकाळच्या गाडीनं त्या निघतील. त्यांच्या हाती नुसता पेनड्राइव्ह दिला असता तर तू डोळे झाकून तो लावला असतास, काम निभावलं असतं आणि तू सुखानं झोपली असतीस. म्हणून हे पत्र लिहिलं.

अजूनही तुझीच,
शिवांजली